यानंतर आपल्या भेटीला

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची सिंदेवाहीला! बसमधून उतरल्यावर पहिलं काम केलं ते ओढणीनं नाक पुसण्याचं, आणि ओढणी पांढरीच राहिली. घुग्घुसमध्ये जन्मलेल्या माणसालाच याचा आनंद कळेल. कोळसा आणि सिमेंट, दोन्हीची धूळ आम्ही जन्मापासून फुकट खातो. धाकट्या बहिणीला, आचलला, त्यापायी दमा लागला. आई गेल्यापासून ती माझ्यावरच आहे. इथे बस्तान बसलं की तिला घेऊन येणार, याचसाठी ही नोकरी धरली.

नोकरी म्हणजे गावच्या केबल चॅनलवर निवेदिका. लग्नं, गॅदरिंगं, हळदीकुंकू, घुग्घुसमध्ये माइक दिसला की लोक मोनालीलाच बोलवायचे, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच आले. एका कार्यक्रमानंतर दुसरा कोणता लागणार हे गोड आवाजात सांगायला आजच्या काळात माणूस कशाला हवा, असं मी मालक देवानंदभाऊंना विचारलं. ते म्हणाले की आजूबाजूच्या गावांतली म्हातारी माणसं रिमोटला हात लावत नाहीत. कोणीतरी समोर येऊन सांगितलं की मगच त्यांना कार्यक्रम आपला वाटतो.

स्टुडिओ चहाच्या दुकानावर आहे. निळा पडदा, प्लास्टिकचे गुलाब, दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी पाहुण्याची. मला फार आवडला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज गोकुळाबाईंनी शिकवलं. माझ्या आधी एकोणीस वर्षं त्याच निवेदन करत होत्या. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, आता नुसत्या श्वासावर बोलतात. मला वाटलं होतं, मला काय शिकवणार! पण बाई पोचलेली आहे.

खुर्चीवर पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं. टीव्ही भिंतीवर उंच असतो आणि माणसं खाली बाजेवर, म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगात खालच्या कडेला बघायचं. म्हणजे आपण त्यांच्याकडेच बघतोय असं वाटतं. निधनवार्ता वाचली की तोंड मिटून एक श्वास घ्यायचा, मगच पुढचं बोलायचं. शेवटच्या शब्दानंतर दोन सेकंद चेहरा होता तसाच ठेवायचा. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझण्याआधी चेहरा पडला तर सगळी मेहनत पाण्यात. मध्येच काही बिघडलं तर बोलून जागा भरायची. कागद मांडीवर ठेवायचा, तिथे कॅमेरा पोचत नाही. मी ही रोजनिशीच ठेवणार आहे.

एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. कॉम्प्युटरवर बिरजूभाऊ बसतात, कार्यक्रम लावतात. त्यांनी हात वर केल्याशिवाय कार्यक्रमाचं नाव घ्यायचं नाही. चुकून घेतलंच, तर त्याच चेहऱ्यानं परत येऊन ते मागे घ्यायचं आणि त्याच्या जागी दुसरं नाव द्यायचं. जागा रिकामी ठेवायची नाही. "नाव घेतलं का लोकं वाट पायतेत पोरी. वाट पायणाऱ्याले तसंच बसवून ठेवू नोको," म्हणाल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज जिंकले! झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग संपलं आणि कॉम्प्युटर अडकला. लाल दिवा चालू, बिरजूभाऊंचे दोन्ही हात कीबोर्डवर. चाळीस सेकंद भरायचे होते. धानाची कापणी, सकाळचं धुकं, तलावातली मासळी, सगळं गोड बोलून झालं आणि नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. गुरुवार, 'तलावाच्या पाळीवरून', मनसारामभाऊ. मी बिनधास्त म्हणाले, "यानंतर आपल्या भेटीला येत आहेत मनसारामभाऊ." दोन सेकंद थांबले. कॉम्प्युटर सुरू झाला, भजन लागलं. घड्याळ लावून भरल्यासारखे चाळीस सेकंद.

मग बिरजूभाऊंनी सांगितलं की तक्ता गेल्या वर्षीचा आहे. मनसारामभाऊ श्रावणात जाळं टाकताना तलावात बुडाले. देवानंदभाऊ पोट धरून हसले, मीही हसले. गोकुळाबाईंचा फोन आला, नाव उद्याच्या उद्या मागे घे. हो म्हटलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही घेतलं मागे. पहिल्याच आठवड्यात सगळ्या तालुक्यासमोर चूक कबूल करायची लाज वाटली. एका नावानं असं काय होणार आहे?

खालच्या चहावाल्या गुणाबाई मात्र म्हणाल्या की कालचा मनसारामभाऊचा कार्यक्रम छान झाला, फक्त धोतर फार ओलं होतं. मी बिरजूभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, भजनच लावलं होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

आचल परवाच आली! दोन दिवसांत दम्याचा पंप एकदाही काढला नाही, म्हणते. माझी ओढणी घेऊन आरशासमोर माझीच नक्कल करते. तिला मोकळा श्वास घेताना बघितलं की मला सगळं मिळाल्यासारखं वाटतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बसण्याआधीच दुसऱ्या खुर्चीची गादी ओली दिसली. वाटलं, छत गळत असेल. पण या दिवसांत?

लाल दिवा लागला. समोर एक लहान टीव्ही असतो, त्यावर आपण दिसतो. मी दिसले. माझ्याशेजारी एक म्हातारा दिसला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मान वळवली असती तर खुर्ची रिकामी दिसली असती, हे मला माहीत होतं. मान वळवली नाही. वाक्य पूर्ण केलं. आवाज हलला नाही. दोन सेकंद थांबले. मग पडद्यावर त्याचे ओठ हलले. स्टुडिओत आवाज नव्हता. तोही दोन सेकंद थांबला.

खाली आले तर गुणाबाई खुशीत. "आमच्या ह्यायचं नाव घेतलं टीव्हीवर! यानंतर भेटीले येत आहेत देवाजीभाऊ म्हणे. काऊन सांगतलं नाई तुम्ही आधी? नवा सदरा तरी घेतला असता."

मी हसले. हसता आलं, याचं नंतर नवल वाटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

देवाजीभाऊ दुपारी धान कापता कापता बांधावर पडले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. निधनवार्ता मीच वाचली. तोंड मिटून एक श्वास. मग भाजीपाल्याचा कार्यक्रम.

घरी येऊन रडायला बसले तर रडू येईना.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

देवाजीभाऊ आले. हातात विळा, खांद्यावर धानाचा भुसा. ओठ हलले. बिरजूभाऊ लहान टीव्हीकडे एकटक बघत होते. दिवा विझल्यावर उठून म्हणाले, "माहं नाव घेतलं न त्यानं?" खालून गुणाबाईंचा रडण्याचा आवाज येत होता. त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं.

बिरजूभाऊ तसेच बस धरून गोंडपिपरीला बहिणीकडे गेले. चप्पल इथेच राहिली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गोकुळाबाईंकडे गेले. त्या चिडल्या नाहीत, चिडायला हव्या होत्या. म्हणाल्या, तू एक नाव घेतलंस आणि मागे घेतलं नाहीस, ते अजून चालूच आहे. येणारी माणसं तरी काय करतील? कॅमेऱ्यासमोर जागा भरायची असते एवढंच त्यांना कळतं. "नवशिके हायेत बिचारे. दुसरं काई बोलता येत नाई, म्हणून पुढच्याचं नाव घेतेत."

बिरजूभाऊंचं नाव मला मागे घेता येईल. माझ्याच तोंडून, त्याच खुर्चीवरून. पण बदली नाव द्यावं लागेल.

कोणाचं देऊ? चार वाजता खुर्चीवर बसले, कॉम्प्युटरवर देवानंदभाऊ. निवेदन केलं. कोणाचंच नाव घेतलं नाही. उद्या ठरवीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

बिरजूभाऊ दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. बहिणीचा फोन आला.

मी ठरवत बसले आणि ते गेले. हे मी केलं. त्यांची चप्पल अजून स्टुडिओतच आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

देवानंदभाऊंनी सगळ्या तारा उपटल्या. कुलूप लावलं. आम्ही सगळे खाली गुणाबाईंच्या दुकानात बसलो. आचलही.

साडेचारला त्यांचा टीव्ही आपोआप लागला. निळा पडदा. बिरजूभाऊ, अनवाणी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसलेले. नजर भिंगाच्या खालच्या कडेला, म्हणजे आमच्याकडे. माझं बघून बघून शिकले असतील.

यानंतर आपल्या भेटीला येत आहेत आचल.

दोन सेकंद.

आचल हसली. तिला वाटलं, कोणीतरी थट्टा केली. संध्याकाळी पंप शोधायला लागली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गोकुळाबाई देवानंदभाऊंकडून चावी घेऊन स्टुडिओत येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, माहं नाव घे. माहं झालं आता जगून. खरंच सांगत होत्या.

मी तारा जोडल्या. गोकुळाबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. बसले. लाल दिवा लागला. काल सांगितलेला कार्यक्रम सादर होणार नाही, असं म्हणाले. आचल सादर होणार नाही, असं नाव घेऊन म्हणाले. त्याऐवजी —

गोकुळाबाईंचं नाव ओठावर होतं. पण पुढच्या गुरुवारी त्या येणार, आवाज नाही, नुसता श्वास. त्यांना जागा भरता आली नाही तर पुन्हा कोणाचं तरी नाव. जागा भरणं मला येतं. चाळीस सेकंद मी कोणाचंही नाव न घेता बोलू शकते. तिथे संपेल हे.

माझं नाव घेतलं. दोन सेकंद. चेहरा पडला नाही.

आचल रात्रभर शांत झोपली.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी तलावाच्या पाळीवरून पाय घसरला. पाणी गार होतं. वर यायला खूप वेळ लागला, किंवा आलेच नाही.

दुपारी खोलीत बायका जमल्या होत्या. गुणाबाई माझ्या फोटोला हार घालत होत्या. आचलला तीनदा हाक मारली. ती रडतच राहिली.

३ डिसेंबर

रोजनिशी हातात येते. पेन येतं. बाकी काही नाही.

दुःख झालं असं लिहायला हवं. झालं नाही. आचल श्वास घेते आहे, ते ऐकू येतं. नुसतं ऐकू येतं.

५ डिसेंबर, गुरुवार

दुसरी खुर्ची. माझ्या कपड्यांचं पाणी गादीत उतरतंय. वही मांडीवर.

खाली गुणाबाईंच्या दुकानात आचल टीव्हीसमोर बसली आहे. तिला मला बघायचंय. सगळ्यांनी ओढून नेलं तरी परत आली.

चाळीस सेकंद. फक्त चाळीस. नाव घ्यायचं नाही.

लाल दिवा.

धान घरात आलं, पेंढीचा वास, बोलतेय — सकाळचं धुकं — वीस झाले — मरळ कशी चिखलात राहते — लवकर मावळणारं ऊन — छान जमतंय — पस्तीस —

चाळीस. झालं.

दोन सेकंद चेहरा तसाच.

दिवा विझत नाही.

कॉम्प्युटरवर कोणी नाही. बिरजूभाऊंची खुर्ची रिकामी. पुढचं लावायला कोणीच नाही, हे माझ्या लक्षात कसं —

धान बोललं. धुकं बोललं. परत धान. साठ. ऐंशी. कापूस, सोयाबीन, थंडी, बोलत राहायचं — शब्द पुसले जाताहेत. गावाचं नाव काय? त्या बाईंचं, घशाच्या — त्यांचं काय नाव होतं? मालकांचं? माझं?

एकच आठवतंय. एकच नाव उरलंय.

ती वर बघतेय. खालच्या कडेला बघितलं की अगदी समोर दिसते.

दिवा विझवा कोणीतरी —

जागा रिकामी ठेवायची ना—

यानंतर आपल्या भेटीला येत आहेत