चंद्रीची जीभ

प्रिय नंदिनी,

मुंबईला पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चंद्रीचं खरंखरं कळव म्हणतेस, कारण पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या सरांपुढं तुला तुझ्या औषधाबद्दल बोलायचं आहे आणि औषध टोचून पाहिलेल्या उंदरांच्या जोडीला आपल्या म्हशीचंही नाव घ्यायचं आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावर गिरवलेलं आहे, तेव्हा तक्रार चालायची नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पेठेतल्या म्हशी सजवून रस्त्यानं काढायच्या म्हटलं की तुझ्या भावाच्या अंगात येतं, हे तुला ठाऊकच आहे. बंडूनं चंद्रीला वस्तऱ्यानं भादरलं, शिंगं रंगवली, अंगाला तेल चोळलं. ते तेल त्यानं भरून ठेवलं होतं उसातल्या तणनाशकाच्या रिकाम्या डब्यात. डबा मजबूत, बूच घट्ट, टाकवेना. एकदा पाण्यानं विसळला की झालं, असं त्याला वाटलं. मिरवणुकीत लोक ओरडत होते, "बंडोबा, म्हस हाय का आरसा?" आणि चंद्री उभ्या उभ्या आपलंच अंग चाटत होती.

मग तिच्या जिभेवर फोड आले. तू दिवाळीला घरी होतीस म्हणून निदान कशानं झालं ते तरी कळलं. तू मुलतानी माती पाण्यात कालवून तिला पाजलीस. मी म्हटलं, अगं, तोंडाला लावायची माती म्हशीच्या पोटात कशाला घालतेस? तू हसली नाहीस, तेव्हाच मी काय ते ओळखलं. डब्यातलं हे तणनाशकाचं विष श्वासातल्या हवेलाच शरीरावर उलटवतं, असं तू सांगितलंस. लोखंडाला गंज चढावा तसं काळीज, मूत्रपिंड, फुप्फुस आतून खराब होतं, आणि तू तिला टोचलेलं तुझं इंजेक्शन तो गंज थोपवायला. उंदरांत काही जगले, काही नाही, हेही तू लपवलं नाहीस.

तू निघालीस त्या सकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं. बंडूनं दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आलेल्यांना पेढे वाटले. उसात तणनाशक फवारणारा शाहूवाडीचा आपला कृष्णात आला होता, तो पेढा खाऊन म्हणाला, "आता इंजेक्शन हाय म्हटल्यावर भ्यायचं कशाला?" फवारताना तोंडाला फडकं बांधायचा, तेही त्यानं सोडलंय म्हणे.

मी रोज चंद्रीचं तोंड उघडून बघत होते. फोड गेले, जीभ भरून आली. पण ती खाली बसेना. मान लांब करून उभी राहायची, नाकपुड्या फुगलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. प्राणवायू देता का विचारलं, तर म्हणाले, त्यानं फुप्फुसातला हा दाह वाढेलच.

शुक्रवारी चंद्री गेली.

बंडूनं मला बजावलंय, "आत्ती, नंदिनीला काय लिवू नगंस. बरी हाय म्हणून कळीव. तिचं भाषण हाय." तोही तुला तसंच लिहील. त्याच्यावर रागावू नकोस. त्या डब्यापायी तो जेवताना मान वर करत नाही. पण मी डॉक्टरांना चंद्रीला उघडून बघायला लावलं, कारण तू असतीस तर तेच केलं असतंस. चांगलं फुप्फुस पाण्यावर तरंगतं म्हणे. हिचा तुकडा बादलीत टाकला तो थेट तळाला गेला. तो डॉक्टरांनी दिलेल्या, कुजू न देणाऱ्या औषधाच्या पाण्यात घालून बरणीतून पाठवते आहे. गुळाचा ट्रक घेऊन येणारा बाळासो तुला आणून देईल. बरणी सरांपुढं ठेव. चंद्री बरी झाली असं म्हणू नकोस, जीभ बरी झाली एवढंच म्हण. कृष्णाताला सांगायला मी उद्याच शाहूवाडीला जाते.

तुझीच,
आत्ती