सनईचा रकाना

१२ मे १९६३, बाभुळगाव. दिवेलागणीले.

आज बँडवाला मास्तर सोताच घरी आला. तीन सालांआधी यानंच मले चारचौघांत म्हटलं होतं, "तुही सनई आता कोणालेच नाही पाह्यजे," अन् बँडातून काढलं. तवापासून मी वही धरली. बोलावणं नसलं तरी मांडवाबाहेर उभं राहून कोणी कशाची फर्माईश केली ते वरात, बिदाई असे रकाने पाडून लिहिलं. वरातीत मास्तर खरा ठरला. जुन्या चाली दरसाल कमी, यंदा तर नुसती सिनेमाची गाणी. पण बिदाईचा रकाना? तिथं तिन्ही सालं सनईच. मास्तरच्या त्या बोलामुळं लोकं मले टाळून राळेगावहून सनईवाला आणत, पण पोरीले सनईवरच लावून देत.

आता याच्याच पोरीचं लग्न, अन् राळेगाववाला दुसरीकडं गुंतलेला. म्हणे, "भाऊ, बिदाईले तेवढी सनई वाजवा. पोरगी हट्ट धरून बसली."

मी वही पुढं केली. तोच रकाना. "फर्माईश कोणाची ते लिहा, मास्तर. तुमच्या हातानं."

'माह्या पोरीची' असं लिहिलं त्यानं. मले वाईट वाटायले पाह्यजे होतं काय? नाही वाटलं. वरून सहीही घेतली.

शाई वाळली. येतो म्हणून मात्र मी सांगितलं नाही. लग्न परवा आहे.