खिंडीत तो काय म्हणाला

दि. ४ मार्च

चि. वहिनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर सवयीने आधी सौ. लिहिलं गेलं. मग पाकीट बदललं.

जानेवारीत माझा भाऊ गेला, तेव्हापासून फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस. मी जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होते. खोटी पोटदुखी मला दारातूनच कळायची, पण तुझं हे ‘बरी’ काही केल्या कळत नाही.

एक काम कर. त्या रविवारी त्याच्यासोबत फिरायला आलेले बाकी सगळे टेकडी उतरून गेले होते आणि खिंडीत त्याच्याजवळ फक्त तुमच्या गावातले ते दुकानदार चष्मेवाले होते. शेवटी तो काय म्हणाला, ते त्यांना विचार. आई गेल्यावर मीच त्याला लहानाचं मोठं केलं, तेव्हा माझं नाव घेतलं का, तुझं घेतलं का, एवढं तरी कळू दे. दवाखान्यात मी विचारायच्या आत ते निघून गेले होते.

डबा तसाच परत आणत नाहीस ना? माझा लोभ तुझ्यावर आहेच, तुझाही राहू दे.

तुझी ताई


दि. १५ मार्च

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेवते. रोज दातांच्या लॅबला कामावर जाते. सध्या एका आजोबांची कवळी करतेय. साहेब म्हणाले, हल्ली माझा हात पूर्वीपेक्षा स्थिर झालाय. त्यांनी कौतुकानेच म्हटलं.

घरात सगळं जागच्या जागी आहे. खिंडीकडे जाणाऱ्या दलदलीतल्या वाटेवर तो बाण काढायचा, तो पिवळा रंग बाथरूममध्ये अजून आहे. मी विसरते म्हणून गॅसच्या बटणावरही त्याने एक बाण काढून ठेवला होता. त्याप्रमाणे बंद करते.

त्याच्या रविवारच्या मंडळींना खिंडीत त्याच्या नावाचं बाकडं ठेवायचं आहे. दोघी-तिघी घरी आल्या होत्या. पाठ टेकायची सोय हवी की नको, असं त्यांनी विचारलं. मी चालेल म्हटलं. काय चालेल, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाकडं ठेवतील त्या रविवारी मीही यावं, असा त्यांचा आग्रह आहे.

चष्मेवाल्यांचं म्हणाल, तर मी दुकानावरून गेले की ते आतल्या खोलीत जातात. मग मीही पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले. ऐकायचं नाही असं नाही, ताई. कशाचीच इच्छा होत नाही, त्यात हेही आलं.

गुडघ्याला तेल लावत जा. आठवण ठेवता, तशीच ठेवा.

तुमची वहिनी


दि. २२ मार्च

चि. वहिनीस,
अ. आ.

आता मात्र रागावले आहे. तू त्या रविवारी जायचंस. लग्नानंतर त्याने तुला पहिल्यांदा त्या दलदलीत नेलं, तेव्हा एक चप्पल चिखलाला देऊन आलीस आणि पुन्हा तिकडे फिरकली नाहीस. या वेळी बूट घाल आणि नाड्या आवळून बांध.

आणि त्यांना विचार. मला रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की वाटतं, त्याने ताई म्हणून हाक मारली असणार आणि ऐकायला मी नव्हते.

कळावे, आणि लवकर कळवावे.

ताई


दि. ६ एप्रिल

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

जाऊन आले.

गावाबाहेरचं पंपघर ओलांडलं की फळ्यांची वाट सुरू होते. दोन्ही बाजूंनी माणसाहून उंच लव्हाळे आणि खाली काळं पाणी. प्रत्येक वळणावर त्याचा बाण होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पायाखालच्या फळ्यांकडे. दलदल संपल्यावर टेकडीचा चढ लागला. मला धाप लागली, तसे चष्मेवाले माझ्यासाठी थांबले. बाकीचे बाकडं घेऊन पुढे गेले होते. आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी विचारलं. तुमच्यासाठी विचारलं.

ते चष्मा पुसत म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच तुम्हाला टाळत होतो. त्या दिवशी येताना त्यांचा पाय फळीवरून घसरला होता, त्यावरून हा त्यांना खिंडीपर्यंत बोलत होता. लोकांना चष्मे देतोस आणि स्वतःला फळी दिसत नाही, असं म्हणाला. मग जरा बसतो म्हणाला आणि बसला. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मागे वळून पाहिलं, तोवर सगळं संपलं होतं. त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही, ताई. ना तुमचं, ना माझं.

ताईंना बरं वाटेल असं काहीतरी कळवू का, असंही त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. तुम्हाला फसवायचं, तर त्यालाही थोडी उमेद लागते, ती माझ्यापाशी नव्हती. पण खिंडीत पोचल्यावर बाकड्यावर बसले, तेव्हा वाटलं, नको म्हटलं ते बरं केलं. तिथून आपल्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. मला माहीत नव्हतं.

मला रडू आलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून लिहिते.

रागावलात तरी पत्र लिहा.

वहिनी


दि. १४ एप्रिल

चि. वहिनीस,
ताईचे आशीर्वाद.

रागावले होते. पत्र टेबलावर उलटं ठेवून दिलं. दोन गोड शब्द लिहिले असतेस, तर तुझं काय जात होतं, असं मनात आलं. मग भांडी घासताना एकदम हसू आलं. माझ्या स्वैपाकाला नावं ठेवतच तो मोठा झाला. त्याने गोडीने ताई म्हटल्याचं तू लिहितीस, तर मला ते कोणा भलत्याच माणसाचं वाटलं असतं. त्यानंतर मात्र खूप रडले. शेजारीण विचारायला आली, तिला कांद्याचं सांगितलं. भांडी घासताना कसला कांदा, असं ती म्हणाली नाही.

चष्मेवाल्यांना माझा निरोप दे, की शेवटी तो कोणाला तरी बोलत होता, हे ऐकून मला बरं वाटलं. त्यांना आता आतल्या खोलीत जाऊ देऊ नकोस.

तुला रडू येत नाही, तर नको येऊ दे. मी शनिवारी येते. चढण माझ्या गुडघ्यांना जमायची नाही. रविवारी तू खिंडीत जाऊन ये. मी खाली, फळ्या संपतात तिथे उभी राहीन, तू उतरताना दिसेपर्यंत.

तुझी
ताई