आपला फ्रिज गार करून राह्यला

बाबा,

आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हात घालून पाहा, मंग पुढचं वाचा.

मेकॅनिक म्हणे गॅस गेला, पण गॅस गेलाच नव्हता. दाराचं रबर खालून सुटलं होतं. तिथून दमट हवा आत जाऊन वर बर्फ साचत होता अन् खाली दूध नासत होतं. काल तुमी आत्याकडे दारव्ह्याले गेले, तवा मी फ्रिज दिवसभर बंद ठेवून बर्फ वितळू दिला. रबर गरम पाण्यानं नरम करून पेचकसानं कसून बसवलं. आता दारात कागद धरला तर ओढूनबी निघत नाई.

पेचकस तुमच्या अवजाराच्या पिशवीतून घेतला. तुमची कापसाची जिनिंग मिल बंद झाल्यापासून ती पिशवी तुमी कोणाले उघडू देत नाई. विचारलं असतं तर नाईच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाई. माफ करा.

सकाळी दूध चांगलं पाहून आई लय दिवसांनी हसली. तिनं लगेच बसंतीबाईले सांगितलं, स्टँडजवळ सरबताचं दुकान आहे त्यायचं. त्यायच्या फ्रिजचा दिवा लागते, पण मोटर चालूच होत नाई. त्या म्हणाल्या, "तुझे बाबा येतीन का वं?"

मी म्हटलं, "येतीन. बावीस वर्षं जिनिंगच्या मोटरी त्यायनंच सांभाळल्या."

तुमी झोपले होते, म्हणून मी त्यायच्या दुकानात पुढं चालली. मले रबर समजते बाबा, मोटर नाई समजत. तुमी येईपर्यंत मी तिथंच बसून राहीन.

मिताली