मागून आणलेले बारा पाळणे

नांदुरा
२४ जानेवारी १९६५

प्रिय कोकिळा,

पाकीट जाड पाहून घाबरू नको. तुझा बा धडधाकट आहे, मी धडधाकट आहे, बकरी व्याली, दोन पिलं झाली. जाड एवढ्यासाठी की मले एक लांबलचक गोष्ट सांगायची आहे, आणि थोडक्यात सांगणं आपल्या घराण्यातच नाही. प्रौढांच्या वर्गात गुरुजींनी पत्र सुरू कसं करायचं ते शिकवलं, थांबायचं कुठं ते सांगायचं राहून गेलं. प्रिय लिहिलं ते बरोबर आहे ना? तुझा बा म्हणे, पोटच्या पोरीले कोणी प्रिय लिहितं काय, चिरंजीव लिही. मी म्हटलं, मले ती प्रिय आहे, तुमचं तुम्ही पाहा.

तर ऐक. गेल्या हंगामापासून आपल्या शालिग्रामशेठच्या जिनिंगातली रुई एका विलायती कंपनीले जाते. ती कंपनी जखमेवर बांधायचा कापूस आणि पट्ट्या बनवते अन् साऱ्या जगात विकते. म्हणजे पाहा, इथं मी आणि साठ बाया कापसातला पाला, किडकी कवडी वेचून काढतो, तुझा बा प्रेसवर गठाणी दाबतो, त्या गठाणी मुंबईहून जहाजात चढतात, आणि फिरून फिरून एखादी पट्टी तुझ्याच दवाखान्यात येत असंल. तू कोणाचा पाय बांधला की समज, आईचा हात लागलेला आहे. हे मी तुझ्या बाले सांगितलं तर तो म्हणे, मंग ती जखम लवकरच बरी होत असंल, तुझ्या हाताचा धाकच तेवढा आहे.

दिवाळीनंतर कंपनीची चिठ्ठी आली. त्यांच्या मुलखातल्या पेपरात कोणीतरी छापलं होतं की दवाखान्याचा पांढराशुभ्र कापूस जिथून येतो, तिथं तान्ही लेकरं धुळीत लोळतात. लोक कंपनीले जाब विचारू लागले. म्हणून आपला माल कोणाच्या हातून येतो, कसा येतो, हे पाहायले कंपनीची एक मडम स्वतः येणार होती. पसंत पडलं तर पुढच्या तीन हंगामांची मागणी पक्की, नाही पडलं तर राम राम. तीन हंगाम म्हणजे साठ चुली, पोरी. शेठचं तर तोंडचं पाणी पळालं. बाकी सारं जमण्यासारखं होतं. प्यायचं पाणी होतं, यंत्राजवळ पोरं नव्हती. पण इतक्या बाया कामाले असल्या की त्यांच्या लेकरांसाठी वेगळी खोली पाहिजे असं कायद्यात आहे म्हणे. आमच्याकडं कायदा होता, खोली नव्हती. लेकरं आपली कापसाच्या ढिगामागं झोळीत. तूही तशीच वाढली.

मंग शेठनं काय करावं? सरकीचं गोदाम रिकामं केलं, चुना मारला, आणि गावभर माणसं पाठवून पाळणे मागून आणले. दोन दिवसांत बारा पाळणे! एक सोनाराकडचा, पितळी कड्यांचा. एक खुद्द शेठच्या घरचा, त्याले लाकडी राघू टांगलेले. शेठाणीनं वर निरोप दिला की राघू मोजून परत पाहिजेत. एक तर थेट रामाच्या देवळातला, रामनवमीले देवाले झोपवतात तो! आणि त्यात कोण निजावं? आपल्या बनाबाईचा नातू. ज्या देवळाच्या पायरीवर तुझ्या आजीले उभं राहू दिलं नाही, तिथला पाळणा त्या पठ्ठ्यानं पहिल्याच तासात ओला केला. मले असं हसू फुटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुजाऱ्याले अजून माहीत नाही. तूही कोणाजवळ बोलू नको.

आदल्या दिवशी शेठनं मले बोलावलं. मी मुकादमीण, बाया माझं ऐकतात. शेठ म्हणे, तानाबाई, उद्या मडमपुढं एकही लेकरू रडलं नाही पाहिजे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, पाहते. आणि बायांले जाऊन तेच सांगितलं, उद्या रडू देऊ नका. कसं, ते मी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. एवढं लिहून काल मी दिवसभर पेन खाली ठेवला होता.

मडम आली ती मोठी गोड बाई निघाली. साठीची, उंच, नाकावर ठिपके, पायात हमालासारखे जाड बूट. आमच्यासंग बसून भाकर आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून घळघळा पाणी, तरी आणखी मागून राह्यली होती. तिच्यासंग मुंबईच्या हापिसातली सिंधूताई दुभाषी होती. मडमचं इंग्रजी सिंधूताई आम्हाले सांगे, आणि आमचं बोलणं सिंधूताईले कळेना म्हणून आमचा कारकून ते तिले पुस्तकी मराठीत समजावून सांगे. आमच्यातल्या पुष्पाबाईनं नुसतं काऊन म्हटलं तरी त्याचं 'का' करायले तिघांची सभा भरे.

मंग सारे खोलीत गेले. बारा पाळणे, बारा लेकरं, आणि चिडीचूप. मडम चवड्यांवर चालू लागली. म्हणे, इतकी फिरले, पण इतकी शांत खोली कुठं पाहिली नाही. वहीत काहीतरी लिहिलं, खूण केली. शेठची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटतात का काय! त्यांनी पेढ्यांचा डबा पुढं केला. मोटर दारात उभी होती. सारं जिंकलंच होतं, कोकिळा.

पुष्पाबाईची पोर दारापासच्या पाळण्यात होती, सहा महिन्यांची. तिच्या ओठावर माशी बसली. बसली ती बसलीच. पोरीनं तोंड हलवलं नाही, भुवई हलवली नाही. ओठ जांभळट दिसून राह्यले होते. तू आता नर्सबाई, तुले जास्त सांगायची गरज नाही. राईएवढी अफू, नखाले लावून, दुधाच्या आधी. कामावरच्या बायांची ही जुनी युक्ती आहे, लेकरू निजून राहते आणि आईचे हात मोकळे. पण त्या दिवशी रडू देऊ नका म्हटल्यावर साऱ्यांनी राईची ज्वारी केली होती. आणि पुष्पाबाई तर पहिलटकरीण, तिले कशाचाच अंदाज नाही.

ती माझ्याकडं पाहून राह्यली, मी तिच्याकडं. अर्धा तास गप राहिलं असतं तर मडम गेली असती, मागणी पक्की झाली असती, आणि मंग आमचं आम्ही पाहिलं असतं. पण त्या पोरीजवळ अर्धा तास आहे का नाही, हे कोण सांगणार? मी ओरडले. असं ओरडले की प्रेसवर तुझ्या बाले ऐकू गेलं. म्हटलं, बाई, हे निजलेलं नाही, हे अफूनं पडलेलं आहे, सारे बाराही तसेच, आणि रडू देऊ नका असं यांच्या आयांले मी सांगितलं होतं. कारकुनानं ते सिंधूताईले सांगितलं, सिंधूताईनं मडमले. तेवढं बोलणं इकडून तिकडं जायले जो वेळ लागला, तेवढा लांब वेळ मी जन्मात पाहिला नाही. शेठनं पेढ्यांचा डबा खाली ठेवला.

मडमनं वही फेकली आणि पोरीले उचललं. लढाईच्या काळात ती दवाखान्यात कामाले होती म्हणे. पोरीच्या तळपायाले टिचक्या मार, तोंडावर पाणी मार, छाती चोळ, एक घडी स्वस्थ बसली नाही. आणि डॉक्टरले आणायले कोण पळावं? शालिग्रामशेठ! धोतर सावरत, टोपी हातात. पंचवीस वर्षांत त्या माणसाले मी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. डॉक्टर आले, सुई दिली. मडम तशीच खाली सरकीच्या धुळीत बसून. तीन तास गेले. चहाची वेळ टळून गेली तेव्हा पोरीनं तोंड वाकडं केलं आणि जो काही टाहो फोडला, माय वं! मंग एकामागून एक बाकीचेही जागे झाले. बारा लेकरांचा असा गलका, की कोणाचं कोणाले ऐकू येईना, आणि साऱ्या बाया एकदम हसून राह्यल्या, रडून राह्यल्या. शेठनं डबा उचलला आणि ते पेढे शेवटी वाटलेच.

आता मडम तोंड फिरवून निघून जाणार, असंच सारे धरून बसले होते. शेठनं तर हातच जोडले. पण ती म्हणे, मी इथला माल बंद केला तर माझी वही स्वच्छ राहील आणि लेकरं ढिगामागंच राहतील, त्यात कोणाचं भलं झालं? मंग तिनं अटी घातल्या. खोलीले खिडक्या पाडायच्या, पाळणे स्वतःचे करायचे, दिवसातून दोनदा आयांले पाजायले सोडायचं, आणि दिवसभर लेकरांजवळ एक शिकलेली बाई ठेवायची. अर्धा खर्च कंपनीचा, अर्धा शेठचा. होळीनंतर ती स्वतः पाहायले येणार. बाई दिसली तर तीन हंगाम पक्के, नाही तर नाही. शेठ दोन दिवस आमच्या ढिगाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणे, तानाबाई, तुझ्या जिभेले हाड नाही, पण पोरगी वाचली, जा कामाले लाग.

आता खिडक्या झाल्या. सुतारानं आठ पाळणे केले, चार होऊन राह्यले. राघू मोजून परत गेले. बायांनी आपल्याजवळच्या पुड्या आणून माझ्यापुढं टाकल्या, त्या मी चुलीत घातल्या. फक्त शिकलेली बाई मिळेना. बुलढाण्याहून एक आली, अकोल्याहून एक. कापसाची धूळ पाहिली, नाकाले रुमाल लावला आणि पुढच्या गाडीनं परत. तवर लेकरं नव्या पाळण्यांत रडतात आणि आयांचे हात कामावर अडखळतात. परवा एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणे, मावशी, एक राई चालंल काय? मी तिले जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा बा म्हणतो, पोरीले यातलं काही कळवू नको, तिले मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून नोकरीची चिठ्ठी आली आहे, तिले जाऊ दे. बरोबर आहे त्याचं. म्हणून तर चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. पण एक गोष्ट त्यालेही माहीत नाही, आणि तीच लिहायले मी बसले आहे. माझी कोकिळा तान्हेपणी कधी रडलीच नाही, असं मी साऱ्या गावाले मिरवून सांगत आले. ते खोटं होतं. मी तुले अफू देत होते, नखाले लावून, आठ महिने. एक दिवस दुपारी तू उठलीच नाही. तुले मांडीवर घेऊन मी ढिगामागं बसून राह्यले. भोंगा वाजला, बाया घरी गेल्या, तेव्हा कुठं तू रडली. त्या दिवसापासून तुझ्या रडण्यावर मी कधी रागावले नाही, आणि तुझा बा म्हणत राह्यला, पोरीले लाडावून ठेवलं. वीस वर्षं हे झाकून ठेवलं, आता तुझ्यापुढं ठेवलं. राग आला असंल तर ये आणि तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. मुंबईले जावंसं वाटलं तर खुशाल जा, तुझ्या डब्यात लाडू मीच भरून देईन, तोंड वाकडं करणार नाही. पण इकडं आली, तर या खोलीत येऊन बस, आणि आमच्या लेकरांले पोटभर रडू दे.

तुझीच, हात जोडून,
आई