उपमंत्र्यांच्या मावशीचा कुणगा

सर्वण, डिचोली
१८ नोव्हेंबर १९७३

चि. गुरुदास यास आनंदीमावशीचे अ. आ.

तू उपमंत्री झालास हे मला पोदेराकडून कळलं. पाव देता देता त्यानं सांगितलं, की तुमचा भाचा सकाळी विरोधात होता आणि संध्याकाळी सरकारात शपथ घेऊन मोकळा झाला. मी म्हटलं, तो लहानपणापासून असाच. कोणाच्या घरी पानं वाढलीत ते बघून पाट मांडायचा. तुझी आई गेल्यावर मीच तुला वाढवलं, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? तुरुंग आणि सरकारी छापखाना अशी दोन खाती मिळाली म्हणतात. आपल्या डिचोलीतले लोक त्यातल्या कोणत्या खात्याची वाट बघत होते, ते मला ठाऊक नाही.

आता कामाचं. देवळाखालच्या आपल्या कुणग्यातल्या, त्या एवढ्याशा शेताच्या तुकड्यातल्या भाताची पहिली कणसं गणपतीतल्या पंचमीला नवें म्हणून देवाला चढतात आणि मग गावातल्या प्रत्येक दारावर बांधली जातात. आपल्या घराकडे मान आहे तो एवढाच. यंदाच्या पावसात वरच्या खाणीची लाल माती ओढ्यातून कुणग्याच्या कडेपर्यंत आली. निवडणुकीआधी पुजारी जयरामदादांनी देवळात तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा खाणवाल्याला मातीच्या ढिगाऱ्याखाली बांध घालायला लावीन, असं तू देवासमोर नारळ ठेवून बोललास. नारळ आम्ही खाल्ला, पण देव काही विसरलेला नाही.

लोभ आहे. तो तुझ्यावर आहे, खुर्चीवर नाही.
तुझी मावशी

पणजी
२ डिसेंबर १९७३

ती. मावशीस गुरुदासचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. तुझ्या सुनेला, भाग्यलक्ष्मीलाही वाचून दाखवलं. ती हसली नाही. अगं, मी पक्ष सोडलेला नाही, मतदारसंघाच्या विकासासाठी जरा पलीकडे सरकून बसलो. बंगला मिळाला, शिपाई मिळाला, गाडीही मिळाली. गाडीवर दिवा नाही, तो पूर्ण मंत्र्यांना असतो.

बांध माझ्या लक्षात आहे. पण खाणी माझ्याकडे नाहीत आणि दुसऱ्याच्या खात्यात बोट घालणं बरं दिसत नाही. खाणवाल्याला तुरुंगात घाल म्हणशील, तर माझ्याकडे आत असलेल्यांच्या जेवणाचा तेवढा विषय आहे. उद्या खाणी माझ्याकडे आल्या, तर दुसऱ्या दिवशी बांध उभा राहील, हा माझा शब्द. पंचमीची कणसं मात्र दरवर्षीसारखी पाठवत जा. ती दारावर होती म्हणूनच हे पद आलं, असं भाग्यलक्ष्मी आल्यागेल्याला सांगते.

माया पातळ करू नकोस.
तुझा गुरुदास

सर्वण
६ मे १९७४

चि. गुरुदास यास मावशीचे आशीर्वाद.

खाणींचं खातं तुझ्याकडे आलं त्याला तीन महिने झाले. तू म्हणालेला दुसरा दिवस कधी उजाडतो, म्हणून मी उंबऱ्यावर बसून आहे. बांध दिसला नाही, पण तुझ्या घरची प्रगती दिसली. खनिज घेऊन जाणाऱ्या नव्या ट्रकांच्या कपाळावर 'भाग्यलक्ष्मी' लिहिलेलं आहे. जयरामदादा भले माणूस. त्यांना वाटलं देवीचं नाव असेल. मी ड्रायव्हरला थांबवून विचारलं, तर तो म्हणाला की वहिनीसाहेबांचे ट्रक आहेत. सुनेचं नाव असं रस्त्यानं धुरळा उडवत जाताना बघायचं माझ्या नशिबी होतं!

थट्टा बाजूला ठेवून लिहिते. पाऊस तोंडावर आला आहे. आता बांध झाला नाही तर कुणगा जाईल, आणि कुणग्यामागून पंचमीही जाईल. तुझे काका गेले त्या वर्षीसुद्धा मी तिथं रोप लावलं, पंचमी चुकू दिली नाही. मला फार भीती वाटते रे. एक दिवस ये आणि बघून जा.

माया आहे म्हणूनच मागते आहे.
तुझी मावशी

पणजी
२८ ऑगस्ट १९७४

ती. मावशी यांस कृ. सा. न.

आपली मे व जुलै महिन्यांतील दोन्ही पत्रे पोचली. कामाच्या व्यापामुळे उत्तरास विलंब झाला. कुणग्यात चिखल भरून रोप गाडले गेल्याचे वाचून मनास क्लेश झाले. बांधाबाबत समिती नेमली असून पाऊस संपताच ती पाहणी करील. ट्रक भाग्यलक्ष्मीच्या बंधूंचे आहेत. भावाने बहिणीचे नाव घालण्यात काही वावगे नाही.

यंदा नव्याची पहिली कणसे मी स्वतः आपल्या कुणग्यात कापणार आहे. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार सोबत असतील. कणसांची चिंता नसावी. माझे सचिव सर्व व्यवस्था करतील.

आपला स्नेहांकित,
गुरुदास
उपमंत्री

(ता. क. मावशी, ठेवणीतलं लुगडं नेस. फोटोत तूही येशील.)

सर्वण
२४ सप्टेंबर १९७४

चि. गुरुदास यास मावशीचे आशीर्वाद.

मला 'आपण' म्हणणारा हा स्नेहांकित कोण, ते आधी कळेना. टाइप केलेल्या पत्राखालची तुझ्या हातची शाईतली ओळ वाचली तेव्हा तूच तो, हे पटलं.

पंचमी झाली. तुझे सचिव सकाळीच पेडण्याहून जीपमधून कापलेलं भात घेऊन आले आणि माणसं लावून चिखलात रोवून ठेवलं. लांबून खरंच बरं दिसत होतं. मग तू आलास, विळा लावलास आणि कापायच्या आधीच अख्खं रोप तुझ्या हातात आलं, खाली मूळ नाही. छायाचित्रकारानं आणखी एकदा म्हणताच तू ते पुन्हा रोवलंस! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही, रडू आलं. जयरामदादांनी तुला हात जोडून सांगितलं, की एकदा कापलेलं भात पुन्हा कापल्याचं सोंग करून देवाला चढवता येत नाही. तू घड्याळ बघितलंस आणि निघालास. यंदा देव नव्याशिवाय राहिला आणि गावात एकाही दारावर कणीस नाही.

कणसं दरवर्षी पाठवत जा असं तू लिहिलं होतंस, म्हणून आपल्या कुणग्यात यंदा जे आलं, ते फडक्यात बांधून पाठवते आहे. बंगल्याच्या दारावर बांधा.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
मावशी

पणजी
१५ ऑक्टोबर १९७४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

फडकं सोडलं आणि आत लाल माती बघून भाग्यलक्ष्मी घाबरली. मी मात्र तुझा इशारा तात्काळ ओळखला. तोंडानं काही न मागता नमुना पाठवलास, याला म्हणतात हुशारी! लगेच तपासायला दिला. लोखंडाचं प्रमाण उत्तम निघालं. खाणवाला कुणगा भाड्यानं घ्यायला एका पायावर तयार आहे, आणि ट्रकांची सोय घरचीच आहे. बांधाचा प्रश्नही आपोआप मिटला. कुणगाच उरला नाही तर बांध कशाला हवा? तुझे कष्ट संपले, मावशी.

पंचमीच्या फोटोचं कात्रण सोबत आहे. चांगल्या जागी लाव.

आशीर्वाद राहू दे.
तुझा गुरुदास

सर्वण
२१ ऑक्टोबर १९७४

चि. गुरुदास यास मावशीचे आशीर्वाद.

कुणगा देणार नाही. रविवारपासून अख्खा गाव टोपल्या घेऊन उतरतो आहे. चिखल उपसून बांध आम्हीच घालू. उपसलेली माती कुठं टाकायची, हा एक प्रश्न होता. ती ज्यांची त्यांना परत करावी, असं जयरामदादा म्हणाले, म्हणून ट्रकांच्या रस्त्यावर टाकायची ठरली आहे. भाग्यलक्ष्मीच्या भावाला सांगून ठेव.

कात्रण पोचलं. विळा छान धरला आहेस, आणि चिखल फोटोत कुठं दिसत नाही. दाराच्या चौकटीवर ज्या खिळ्याला मी दरवर्षी कणसं बांधते, तो यंदा मोकळा होता, तिथंच लावलंय. यंदाची कणसं कुठं म्हणून कोणी विचारलं, की मी बोट दाखवते.

माया आहे तिथंच आहे. मत मागायला येशील तेव्हा चपला हातात घेऊन कुणग्यातून ये.
आनंदीमावशी