एका घरातल्या दोघी दलाल

१२ जानेवारी, सोमवार
समोर कंपनीचं ऑफिस उघडलं. नागपूरची मोठी कंपनी, विदर्भभर शाखा. घरं, प्लॉट, दुकानं, सगळं विकून देणार. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर टीव्ही आणि त्यात घरांचे फोटो फिरत राहतात. रस्त्याच्या या बाजूला माझं दुकान. एक टेबल, चार खुर्च्या, बाहेर पाटी: चुटे प्रॉपर्टी.
पाहुण्यांना पेढे देत दारात कोण उभी? आमची स्नेहल. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. नीलेशची बायको, माझी सून. लग्नाआधी नागपूरला याच कं.त होती. आता इथल्या, गोंदियाच्या शाखेत.
किराणावाले सेठजी कानाशी येऊन म्हणतात, "भाभीजी, सामने आपकी ही बहू! अब आपका क्या होगा?"
मी म्हटलं, "पेढा खाओ सेठजी."
खरं सांगू तर त्या कोटात पोरगी फार छान दिसत होती. दोन पेढे घेतले.

१३ जाने.
काल लिहायचं राहिलं. माझ्याकडे बस असं तिला म्हणून पाहिलं होतं मी. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडे बसली तर लोक चुटेबाईंची सून म्हणतील. तिथं मला स्नेहल मॅडम म्हणतात." एक दिवस लागलं मनाला. मग आठवलं, मी दुकान टाकलं तेव्हा मलाही सगळे राइस मिलच्या मुनीमजींची बायकोच म्हणत. हे अजून मुनीमजीच आहेत. मी चुटेबाई झाले.

१६ जाने., शुक्रवार
भोजराज बहेकार आले. बाजारात मोटर वायंडिंगचं दुकान होतं त्यांचं. आता रायपूरला मुलाकडे चालले कायमचे. रामनगरचं घर विकायचं.
"वहिनी, तुमच्याच हातानं विकायचं. बाकी कोणावर भरोसा नाही." चहा पिऊन उठता उठता म्हणतात, "समोरही सांगून ठेवलं. तुमची सूनच बसते ना तिथं. घरातल्या घरात!"
घरातल्या घरात म्हणे.
रात्रीच्या जेवणाला नियम ठरला. ताटावर बहेकारांच्या घराचं नाव काढायचं नाही. हे म्हणाले, "मग बोलायचं काय?" नीलेशला हसू आवरेना.

१९ जाने.
दोन गिऱ्हाइकं दाखवली. एकाला घर पाडून गोदाम बांधायचं. दुसरा नुसता फिरतो, त्याला मी ओळखून आहे.
सेठजींनी त्यांच्या मोबाइलवर कं.ची जाहिरात दाखवली. स्ने.नं फोटो काढलेत. सकाळच्या उन्हात पडवी, मागचं अंगण, पेरूचं झाड. त्या घरात मी कितीदा गेली असेन! पण ते इतकं देखणं आहे हे मला तिच्या फोटोत कळलं. माझ्या मोबाइलमधल्या फोटोत नुसती भिंत आणि माझं बोट.

२३ जाने., शुक्र.
तिनं नियम मोडला. ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "आई, बहेकारांच्या घराला गिऱ्हाईक मिळालं."
बिरसीच्या विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीचं काम पाहणारे इंजिनिअर. केरळचे. बायको, दोन मुली, आता इथंच राहायचं म्हणतात. मोबाइलवर फोटो पाहून फोन केला. अशा माणसाला चुटे प्रॉपर्टी नावाचं काही आहे हे जन्मात कळलं नसतं.
माझं गिऱ्हाईक गेलं, दलाली गेली. तरी एक पोळी जास्त खाल्ली. इथं कोणाला न सांगता लिहून ठेवते: पोरगी धंद्याची आहे.

२८ जाने., बुध.
सौदा अडकला. कं.च्या वकिलानं आखीव पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचा सरकारी कागद, काढली. घर वडिलांचं, त्यामुळे भोजराजभाऊंबरोबर त्यांच्या बहिणीचंही नाव चढलेलं. सुमनबाई, बालाघाटला असते. आम्हां दोघींनाही ते म्हणाले होते, "बहिणीनं कधीच सोडलं." सोडलं बिडलं काही नाही. हक्क सोडल्याची कुठंच सही नाही.
स्ने.नं सुमनबाईंना फोन केला. तिनं घर विकण्याचं ऐकताच कापला. पुन्हा केला, कापला. वकील म्हणाला, कागद साफ नसेल तर फाइल बंद करा, दुसरं घर दाखवा. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना एकच घर थोडंच आहे.
स्ने. स्वयंपाकघरात भांडी जास्तच आवाज करून लावत होती. इथला पहिला मोठा सौदा तिचा.
मी म्हटलं, "बंद नको करू. मी जाऊन येते बालाघाटला."
"कंपनीला विचारावं लागेल."
"तू विचार. मी कंपनीत नाही."
हे म्हणाले, "गिऱ्हाईक तुझं नाही, दलाली तुझी नाही. तू कायले जाऊन राहिली?"
पण घर तर माझ्याही हातात दिलं होतं ना भोजराजभाऊंनी.

३१ जाने., शनि.
स्टेशनवर कचारगडच्या जत्रेचे लोक, पिवळे झेंडे, पाय ठेवायला जागा नाही. आमची बालाघाटची गाडी मात्र मोकळी.
सुमनबाई दिराकडे राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. स्वयंपाकघरामागची खोली, तिथंच धान्याच्या कोठ्या, तिथंच तिची खाट. मला पाहून उठली नाही.
"भावानं पाठवलं?"
"नाही. मी दलाल आहे. गोंदियाची."
हसली. "हे बरं केलं. बाकी सारे पाव्हणे बनून येतेत."
मग बोलायला लागली ते थांबेचना. "आता भाऊ फोनवर म्हणते, सुमन, एक सही करून दे. काऊन करू? घर इकून राहिला हे मले परक्या पोरीच्या फोनवर समजावं? त्या घराच्या भिंतीले मी आईसंगं माती लावली वो. मले कोणी इचारलं का?"
मी सहीचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"
बाहेर तिची जाऊबाई कान देऊन उभी, तिला मी चहा मागितला म्हणून ती गेली. मग सुमनबाई हळू म्हणाली, "माहा हिस्सा पाहिजे. आन् भावानं इथं येऊन मागावं. फोनवर नाही."
मी सांगितलं, हक्क सोडू नका. विकणाऱ्यांत तुमचंही नाव लावू, तुमचा चेक तुमच्या नावानं, तुमच्याच खात्यात. खातं आहे? म्हणाली, आहे. आणि खाटेखालच्या पेटीकडे पाहिलं.
निघताना दिरानं विचारलं, "काम हो गया?"
"सुमनबाईंना विचारा," म्हटलं.
गाडीत डोळा लागला. खूप दिवसांनी अशी छान झोप.

२ फेब्रु., सोम.
भोजराजभाऊंना दुकानात बोलावून सगळं सांगितलं. लालबुंद झाले. "तुमाले घर इकायले सांगतलं का तिची वकिली करायले? आईबाबाईचं मी केलं! ती आली का कधी?" खुर्ची मागं ढकलून तडक समोर, कं.त.
मला इथून काच दिसते, आवाज येत नाही. स्ने.नं त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते हात उडवून बोलत होते, माझ्या दुकानाकडं बोट. ती ऐकत होती. मग नकाराची मान हलवली तिनं. मला वाटलं, मला खोटं पाडून सौदा करते की काय.
संध्याकाळी विचारायची गरज पडली नाही. स्वतःच म्हणाली, "काका म्हणत होते, तुझ्या सासूनं बिघडवलं, तू सांभाळ. मी म्हटलं, काका, आई म्हणतात तेच आमच्या कंपनीचंही म्हणणं आहे. बहिणीशिवाय आम्ही घर विकणार नाही."
"कंपनीला विचारलं होतंस?"
"नंतर विचारलं."
माझ्या पठडीतली व्हायला लागली.

९ फेब्रु., सोम.
काल भोजराजभाऊ घरी आले. "वहिनी, बालाघाटले जातो. तुमी चला. एकट्यानं हिंमत नाही होत."
आज गेलो. गाडीत त्यांच्या मांडीवर पेरूंची पिशवी, अंगणातले. खोलीच्या उंबऱ्याशीच बसले, आत जाईनात.
सुमनबाई म्हणाली, "रस्ता सापडला?"
साठी उलटलेला माणूस, उपरण्यानं तोंड झाकून बसला. मी बाहेर येऊन जाऊबाईशी धानाच्या भावाचं बोलत बसले. दार लोटलेलं. आधी तिचा चढलेला आवाज आला, बराच वेळ. मग त्याचा. मग दोघांचा एकदम.
बाहेर आले तेव्हा सुमनबाई पेरू खात होती. मला म्हणाली, "कधी यायचं सांगा. सही मी पूर्ण नावानं करतो. सातवी शिकली आहो."

२० फेब्रु., शुक्र.
रजिस्ट्री झाली!
विकणार दोघं, भाऊ आणि बहीण. सुमनबाईनं एकेक अक्षर सावकाश काढलं. मागची लाइन खोळंबली, कोणी कुरकुरलं, तर इंजिनिअरसाहेबांनी मागं वळून असं पाहिलं की सगळे गप्प. त्यांच्या बायकोला आपली भाषा येत नाही, सुमनबाईला तिची. तरी दोघी अंगणातल्या झाडाबद्दल बोलत होत्या, हातवारे करून.
बाहेर कं.चे मॅनेजर फोटो काढायला उभे. जाहिरातीत टाकणार. मी बाजूला सरकले, तर स्ने.नं दंडाला धरून मधे उभं केलं. आणि त्यांना म्हणाली, "सर, ये डील चुटे मॅडम के बिना नहीं होती. इनका नाम भी आएगा और इनका हिस्सा भी लगेगा."
"बाहर के ब्रोकर को देने का अपने यहाँ नियम नहीं है, स्नेहल."
"तो बनाइए सर."
ना ओरडली, ना हसली. माझी सासू आहे म्हणाली नाही. चुटे मॅडम म्हणाली. मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले, तो डोळ्यांवरच होता.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "आता सेठजीले सांगून ये." सांगून आले.

२५ फेब्रु., बुध.
नियम झाला. दलालीचा माझा वाटा आला. आणि मॅनेजरसाहेब स्वतः रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. माझ्या खुर्चीवर बसले, माझा चहा प्याले.
म्हणाले, आमच्याबरोबर या. पाटी कं.ची लागेल, खाली लहान अक्षरात चुटे प्रॉपर्टी. वकील आमचा, फोटो, जाहिरात आमची. गिऱ्हाईक देशभरातून. तुम्ही फक्त माणसं सांभाळा. "आप जैसा आदमी हमारे पास नहीं है."
माणूस गोड बोलतो, पण खोटं बोलत नाही. बिरसीचे साहेब माझी पाटी पाहून कधीच आले नसते. वकिलानं कागद काढला नसता तर त्या बहिणीचा हिस्सा बुडालाच असता. हे सगळं मला दिसतं.
मी एकच विचारलं, "कल को मुझे बालाघाट जाना हो तो किससे पूछना पड़ेगा?"
हसले. "बस सिस्टम में डालना पड़ेगा, मॅडम. अप्रूव्हल आ जाता है."
"आणि नाही आलं तर?"
याला मात्र ते नुसते चहा प्याले. सोमवारपर्यंत सांगा म्हणाले.

२७ फेब्रु.
हे म्हणतात हो म्हण. नीलेश म्हणतो तुझी मर्जी. स्ने. काही म्हणत नाही. काल विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं तर तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाल. नाहीतर माझ्यासाठी नाही म्हणाल." बरोबर बोलली, म्हणून राग आला.

१ मार्च, रवि.
सकाळीच सुमनबाईचा फोन. "मी गोंदियाच्या ठेसनावर उतरली. मले दोन खोल्या पाहिजेत, इकत, माह्या नावानं. तुमीच दाखवा, त्या काचवाल्याईकडं मी नाही जात."
स्ने.ला सुट्टी. मी चप्पल घालायची वाट न पाहता तिनं स्कूटी काढली. "मी येते आई. कंपनी आज बंद आहे." स्टेशनवर सुमनबाईसाठी ऑटो केला. तिच्यासमोर मी म्हटलं, "ही काचवाल्यांचीच आहे बरं का." सुमनबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हीच का, फोन करून राहिली होती ते? मी कापला त दुसऱ्यांदा काऊन नाही केला?" "केला होता, आत्या." "मंग तिसऱ्यांदा काऊन नाही केला?" स्ने.नं स्कूटी चालू केली.
कुडव्याला एक घर आहे, दोन खोल्या, मागं मोरी, पुढं एवढासा ओटा. मालक किल्ली देऊन गेलेला. मी कुलूप काढलं. नेहमीसारखी हवा, पाणी, शेजार सांगायला तोंड उघडलं, तर सुमनबाई म्हणाली, "थांबा. मी एकलीच पाहतो."
आत गेली. दार लोटलं. आणि मग आतून कडी लावल्याचा आवाज आला.
आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ऊन चढत होतं. स्ने.नं स्वतःची ओढणी माझ्याही डोक्यावर घेतली.
"आई, उद्या सोमवार. काय सांगणार?"
"तुझ्या साहेबांना?"
"हो."
"सांगेन, बालाघाटला मी कोणाला न विचारताच जाणार."
आत सुमनबाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होती, पावलं ऐकू येत होती. मग खिडकी उघडली. मग बंद केली, परत उघडली. घाई करायची नाही असं स्ने.ला सांगावं म्हणून वळले, तर तीच तोंडावर बोट ठेवून बसली होती.